करडीच्या डाव्या अंगाला

आमच्या घरी माणसांआधी घोड्यांचं खाणं व्हायचं. आई पहाटे उठली की चुलीकडं जायच्या आधी पागेच्या दाराशी ठेवलेल्या घंगाळात हात घालून रात्री भिजवलेले हरभरे चाचपून बघायची. नखानं चिरले गेले तर चंदी झाली म्हणायची, नाहीतर अजून थोडा वेळ. मग गूळ फोडल्याचा आवाज, मग बादल्यांचा, आणि मग भिंतीपलीकडून तो चावण्याचा संथ, जड आवाज यायचा, जो ऐकत मी अंथरुणात पडून राहायचे. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. नंतर तव्यावर धपाटे पडायचे, त्यांचा लसणाचा खमंग वास पागेतल्या लिदीच्या आणि ओल्या गवताच्या वासात मिसळायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. सासरी गेल्यावर पहिले काही दिवस मला जेवण अळणी लागायचं. मीठ बरोबर असायचं, घोड्यांचा वास तेवढा नसायचा.

आमचं गाव माजलगावच्या अलीकडं, सिंदफणेच्या काठावर. निजामाचं राज्य, तहसिलीतला कारभार उर्दूत. आबांचे आजे-पणजे सरकारला स्वार पुरवत, ते दिवस आबांच्या वाट्याला आले नाहीत. त्यांच्या वाट्याला आली देशमुखी, थोडी घोडी आणि जत्रेतल्या शर्यतींचा नाद. पण नाद म्हटलं तर आबांना राग यायचा. ते स्वतः क्वचितच पैज लावत. त्यांची आवड होती ती घोड्याचा वकूब ओळखण्याची. जत्रा जवळ आली की घाटनांदूरपासून माणसं यायची, ओट्यावर बसून तंबाखू चोळायची आणि हळूच विचारायची, "देशमुख, औंदा कुणावर धरावं?"

लोक घोड्याचा रंग बघत, कपाळावरचे भोवरे बघत, किती जत्रा मारल्या ते मोजत. आबा म्हणायचे, "जिंकला हे नगं सांगू. कुणाला हरवलं ते सांग." एकदा लोकांनी ओळीनं जत्रा जिंकलेल्या एका सुरंग्या, तांबूस घोड्यावर पैजा लावल्या होत्या, आणि आबांनी बोट दाखवलं ते मोमिनाबादच्या छावणीत तिसऱ्या नंबरावर आलेल्या एका हडकुळ्या घोडीकडं. "तो म्हशींत वाघ झालाय. ही वाघांत तिसरी आलीय," असं ते म्हणाले, आणि ती घोडी सहज पुढं गेली. जमीन कशी होती, पाठीवर बोजा किती होता, शेवटी चाबूक लागला का हात ढिले सोडून आला, आल्यावर श्वास किती वेळात खाली बसला, हे सगळं ते विचारत. मी ज्वारीच्या पोत्याला टेकून ऐकायचे. माझं लग्न झालं होतं, पण अजून नांदायला गेले नव्हते. त्या मधल्या मोकळ्या काळात मला घोड्यांतलं माझ्या भावापेक्षा जास्त कळू लागलं होतं, असं आबाच म्हणायचे. यशवंतदादा हसायचा. त्याला बसता येत होतं, तेवढं त्याला पुरे होतं. काठेवाडी असो की तट्टू, तो वर बसला की जनावराचा एक भाग होऊन जायचा.

करडी आमच्याकडं आली ती गंगेकाठच्या एका जहागीरदाराकडून. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. राखेच्या रंगाची घोडी, पाय स्वच्छ, छाती खोल. आबांनी तिथं विचारलं, "एवढी चांगली घोडी कावून काढताय?" त्यांनी फक्त "घरात नको झाली" एवढंच सांगितलं. तिच्या मागोमाग तिची देखभाल करणारा म्हातारा मोतद्दार, इमामचाचा, चालत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आला, पागेत तिच्या जागेच्या डाव्या बाजूला त्यानं आपली घोंगडी पसरली आणि तिथंच राहिला. बोलायचा कमी. खरारा करताना मात्र सतत पुटपुटायचा. मला वाटायचं तो घोडीशी बोलतोय.

त्या वर्षी पहिल्या जत्रेत करडी एका व्यापाऱ्याच्या तट्टासमोर पळाली आणि जेमतेम मानभर पुढं राहून जिंकली. लोक हसले. पुढच्या जत्रेत तिच्यासमोर चांगली भीमथडी घोडी होती. तिलाही मानभर. मग एका सावकाराचा काठेवाडी आला, ज्याच्यासमोर आमच्या भागातलं एकही जनावर टिकत नव्हतं. त्यालाही मानभर. कमी नाही, जास्त नाही. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ताटातली भाकरी तशीच ठेवून ते म्हणायचे, "तट्टालाबी मानभर, काठेवाड्यालाबी मानभर. मग गोदे, हिचा दर्जा धरायचा कुठला? तळ लागंना हिचा."

मी म्हटलं, "आबा, दुसरं जनावर सोबत असलं की ती त्याच्या मापानं पळती. एकटी पळवून बघा."

आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "यशाचा बोजा जास्त होतो," ते म्हणाले. "हलका जीव पाहिजे वर."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अवं, काय बोलताय? तिच्या सासरच्यांनी ऐकलं तर?"

"ऐकलं तर सांगू, आमची पोर पागेत वाढली म्हणून."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दादाचं धोतर आणि बंडी घालून नदीकाठच्या गायरानात गेले. आता तिथं धरणाचं पाणी आहे. नातू मला मोटारीनं नेतो आणि म्हणतो, आजी, बघ किती छान दिसतंय. मी बघते. माझ्या डोळ्यांसमोर पाण्याखालची ती लांबच लांब पट्टी असते, एका टोकाला चिंचेचं झाड, दुसऱ्या टोकाला शेंदूर फासलेला म्हसोबा. त्या सकाळी नदीवर धुकं होतं. गवत दवानं पांढरं झालं होतं. इमामचाचानं मला वर बसवलं, रिकीब नीट केली, आणि तो मागं सरला. सरला म्हणजे चार हात बाजूला झाला, जसं कुणाला तरी जागा करून द्यावी तसं. तेव्हा मला ते नुसतं विचित्र वाटलं. आबा म्हसोबापाशी थांबले होते. दादानं चिंचेखालून हात खाली केला आणि करडी सुटली.

सुरुवातीला फक्त तिच्याच टापा होत्या. मऊ, बसक्या, ओल्या मातीवरच्या. मग अर्ध्या पट्टीच्या आधी मला वाटलं, आवाज दुणावला. मला वाटलं दादा गंमत करायला मागून दुसरा घोडा घेऊन आला. डावीकडून येत होता आवाज. टापांमागून श्वास आला, घोड्याचा फुरफुरता, आणि लोखंड चावल्याचा कडकड आवाज. ज्या घोड्याला पुढं जायचं असतं आणि वरचा माणूस त्याला दाबून धरतो तो घोडा तसा लगाम चावतो. करडीचा डावा कान तिकडं वळलेला होता. माझ्या डाव्या गुडघ्याला ऊब लागत होती. आणि वास येत होता ओल्या घोड्याचा, नदीतून नुकत्याच बाहेर काढलेल्या जनावराचा येतो तसा. मी मान वळवली. तिथं गवत होतं, त्यावर दव होतं, ते कुणी तुडवलेलं नव्हतं. आवाज मात्र माझ्या मांडीशेजारी होता. मग कुणीतरी जिभेनं टक् टक् केलं, घोड्याला समजावताना करतात तसं, अगदी हळू. मी डोळे मिटून घेतले आणि करडीच्या मानेला मिठी मारली.

आबांनी लगाम धरला तेव्हा माझे दात वाजत होते. मला खाली उतरवून त्यांनी आपलं उपरणं माझ्या अंगावर टाकलं. मी म्हटलं, "आबा, डाव्या अंगाला कुणीतरी होतं."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आपण किती पुढं होतो?"

"मानभर," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

आबा पट्टीवर चालत गेले, वाकून माती बघत. दादाही गेला. टापांची एकच रांग उमटलेली होती. परत येऊन आबांनी इमामचाचाला विचारलं, "चाचा, काय हाय हे?" चाचा खाली बघत होता. त्यानं सांगितलं ते एवढंच. करडीच्या जोडीला एक मुश्की होता, काळाभोर, तिच्याच वयाचा. शिंगरं असल्यापासून दोघांना एकत्र पळवायचे, मुश्की कायम डावीकडं. एका सकाळी गंगेच्या उतारावर मुश्की आणि त्याचा स्वार पाण्यात गेले. दोघंही मिळाले नाहीत. "तबसे वो अकेली नहीं दौडती, देशमुखसाब," तो म्हणाला आणि करडीला घेऊन घराकडं चालू लागला.

इथं आबांनी थांबायला हवं होतं असं आई पुढं आयुष्यभर म्हणत राहिली. मला आता आबांच्या वयाला आल्यावर वाटतं की आबांना थांबता येणं शक्यच नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर वकूब मोजला त्याच्यासमोर एक न मोजता येणारी गोष्ट आली होती. ओट्यावर बसून ते स्वतःशीच म्हणाले, "समोर कुणीबी येऊ दे. ती मानभर पुढं राहणार." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण पक्केपणा होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली.

मोमिनाबादच्या छावणीत एका रिसालदाराकडं अरबी घोडा होता, कुमैत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाचा. त्यानं हैदराबादेतही शर्यती मारल्या होत्या. आबांचा निरोप गेला, रिसालदाराचं उत्तर आलं. करडी विरुद्ध कुमैत, घोड्याला घोडा. हरणाऱ्यानं आपलं जनावर जिंकणाऱ्याच्या हवाली करायचं. आम्ही बायका तिथल्या जोगाईच्या दर्शनाचं निमित्त करून पडद्याच्या बैलगाडीतून, दमणीतून, गेलो. देवळात आईनं दादाच्या नावानं ओटी भरली. मैदानाशी आल्यावर ती दमणीचा पडदा मुठीत धरून म्हणाली, "यशा, ऐक माझं. पोटात दुखतंय म्हण." दादा हसला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "कुमैतला डावीकडं येऊ देऊ नको. तिथं जागा न्हाई." तेव्हा तो हसला नाही. त्यानं मान डोलावली.

धूळ बसावी म्हणून मैदानावर पखालींनी पाणी मारलेलं होतं. माती काळी झाली होती. रिसालदाराचा स्वार पिकल्या दाढीचा, मुरलेला माणूस होता. त्यानं मुद्दाम डावी बाजू घेतली. घोडे सुटले. पडद्याच्या फटीतून मला दिसलं ते असं. कुमैत करडीला चिकटून निघाला, गुडघ्याला गुडघा. आणि निम्म्यात आल्यावर तो एकाएकी बाहेर फेकल्यासारखा सरकला. स्वारानं लगाम ओढला, चाबूक मारला, पण तो परत आत येईना. मधे एका घोड्याची जागा मोकळी राहिली, आणि ती तशीच राहून तिन्ही, नाही, दोन्ही घोडे शेवटपर्यंत पळाले. गर्दी ओरडत होती ती हळूहळू गप्प झाली. सगळ्यांना ती मोकळी जागा दिसत होती. एवढ्या माणसांच्या मैदानात फक्त टापा ऐकू येत होत्या. करडी मानभर पुढं आली.

दादा उतरला तेव्हा त्याचा डावा पाय मांडीपर्यंत चिखलानं माखला होता. उजवा कोरडा होता. कुमैतची उजवी बाजू तशीच माखलेली, आणि तो उभ्या जागी थरथरत होता, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत. त्याचा म्हातारा स्वार आबांसमोर आला. सलाम केला. म्हणाला, "देशमुखसाब, तीन घोडे थे." रिसालदार दिलदार माणूस होता, त्यानं कुमैतचा लगाम आबांच्या हातात दिला. आबांनी तो थोडा वेळ धरला आणि परत दिला. "ज्यानं हरवलं त्यानं न्यावा," ते म्हणाले. "आमी न्हाई हरवलं."

घरी आल्यावर आबांनी करडीला शर्यतीत न घालायचं ठरवलं. पण आता गोष्ट त्यांच्या हातात राहिली नव्हती. दादा बदलला. रोज उजाडताना तो करडीला घेऊन गायरानात जायचा. आधी जेवताना चार माणसांचं बोलणं एकटा बोलणारा दादा, आता घास हातात धरून डावीकडं कान देऊन बसायचा. आईनं मीठमिरच्या उतरल्या, अंगारा लावला. मी एकदा त्याला पागेत गाठलं. विचारलं, "दादा, तुला भ्या वाटत न्हाई?"

"भ्या न्हाई वाटत, गोदे. लाज वाटती," तो म्हणाला. "आबा समजतात तसं न्हाई हे. करडी न्हाई जिंकत. तू ऐकलं असशील, त्यो मुश्की लगाम चावतो. वरचा त्याला दाबून धरतो. कुणीबी असू दे समोर, त्यो त्याच्या पुढं जाईल एवढा ताकदीचा हाय, अन् करडी त्याच्या वढीनं पळती. त्यो तिला मानभर पुढं राहू देतो. रोज. मेल्यावरबी."

"मग?"

"मग काय. कुणीतरी त्याला सांगाया पाहिजे, बास झालं."

मी हे आबांना सांगायला धावले. आबा मळ्याकडं गेले होते. ते येईपर्यंत दिवस मावळला, सांगायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा करडीची जागा रिकामी होती. आबा, मी आणि इमामचाचा गायरानाकडं निघालो. धुकं दाट होतं. आम्हाला आधी टापा ऐकू आल्या, दोन घोड्यांच्या. आबांनीही ऐकल्या, त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. मग दादाचा आवाज आला, मोठ्यानं ओरडलेला, "सोड त्याला! सोड लगाम!"

मग एक टाप दुसरीपासून सुटली. कशी सांगू? दोन आवाज इतके दिवस एकमेकांना बांधलेले होते, त्यातला एक सुटला आणि पुढं गेला. एवढ्या वेगाच्या टापा मी आयुष्यात पुन्हा ऐकल्या नाहीत. घोडा पळताना जमीन मोजतो, तसं ते नव्हतं. गारांचा मारा यावा तसं आमच्या समोरून काहीतरी गेलं. धुकं फाटलं, अंगावर ओला वारा आला, आणि मग नदीच्या बाजूला पाणी उडाल्याचा आवाज झाला. आणि शांतता. सिंदफणा तिथं गुडघाभरही नव्हती.

दादा करडीला हातानं धरून चालत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे पूर्वीसारखे झाले होते. आबांनी त्याला छातीशी धरलं. इमामचाचा मात्र त्या दोघांना ओलांडून पुढं आला आणि दादाच्या समोर उभा राहिला.

"लगाम ढीला छोडा उसने?" त्यानं विचारलं.

"व्हय, चाचा. पूर्ण."

"पीछे मुडके देखा?"

"न्हाई. सरळ गेला."

चाचा तिथंच ओल्या गवतात बसला. म्हणाला, "मैंच बोलता था उसको. हर रोज बोलता था. मुश्की को दबा के रख, घोडी को पीछे मत डाल, उसका दिल टूट जाएंगा. बच्चा था, कहना मानता था मेरा." मग त्यानं तोंडावर रुमाल घेतला. तो स्वार त्याचा मुलगा होता हे त्यानं आम्हाला त्या क्षणापर्यंत सांगितलं नव्हतं. आबा त्याच्याशेजारी बसले. देशमुख आणि मोतद्दार गवतात शेजारी बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. करडी त्यांच्याजवळ उभी राहून नदीकडं बघत होती. एकदा ती खिंकाळली. वाट बघितली. पुन्हा खिंकाळली.

इमामचाचा दोन-चार दिवस राहिला, तिच्या खुरांना तेल लावलं, मला खरारा कसा फिरवायचा ते दाखवलं. मग घोंगडी गुंडाळली. आबा म्हणाले, "चाचा, ऱ्हावा की. घर तुमचंच हाय." त्यानं मान हलवली. "अब घोडी सिर्फ घोडी है, साब," तो म्हणाला. आईनं त्याच्या फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वेशीपर्यंत दादा त्याच्याबरोबर चालत गेला, त्याच्या डाव्या बाजूनं.

घाटनांदूरच्या बाजूला जत्रा भरली तेव्हा आबांनी करडीला एकदाच पळवलं. मला वाटतं त्यांना स्वतःला खात्री करून घ्यायची होती. तिचं नाव ऐकून लोकांनी तिच्यावर वाटेल तशा पैजा लावल्या. आबांनी ज्याला त्याला हात जोडून सांगितलं, नका लावू, पण कोण ऐकतो. करडी मनापासून पळाली. दादानं तिला चाबूक दाखवला नाही. ती चौथी आली, एका तेल्याच्या तट्टाच्याही मागं. लोक खवळले. एकजण आबांच्या अंगावरच आला, "देशमुख, काय केलं बे घोडीला? काय झालं हिला?"

एरवी आबांना कुणी बे म्हटलं असतं तर अनर्थ झाला असता. त्या दिवशी त्यांनी करडीच्या घामेजल्या मानेवरून हात फिरवला. मी दमणीच्या पडद्याआडून बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला निवांतपणा होता.

"काय न्हाई झालं," ते म्हणाले. "आता ती पळती तेवढीच हाय."